बटाटा काय म्हणतो

खिशात पेन ठेवणारे प्राध्यापक तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. आमच्या कॉलेजातले सूक्ष्मजीवशास्त्राचे सर पिशवीत बटाटा ठेवायचे. "बघू, बटाटा काय म्हणतो," म्हणत ते तो खाऱ्या पाण्यात सोडायचे. तरंगला की मीठ पुरेसं. खारटपणा मोजायचं यंत्र होतं, पण त्याचा सेल खरेदी समितीच्या विचाराधीन होता.

धाराशिवच्या कडेला हाजीसाहेबांचं शेळीच्या कातड्यांचं गोदाम होतं. मीठ लावलेल्या कातड्यांतून निथळणारं पाणी गावभर वास मारायचं. एवढ्या मिठात साधे जंतू जगत नाहीत, त्यामुळे घाण कुजून संपतही नाही. लोकांनी तक्रार केली. प्रदूषणाच्या हपिसानं बजावलं : पावसाळ्याआधी पाणी निवळलं नाही तर कुलूप.

सरांना त्याच कातड्यांवर लाल डाग दिसले. कातडं नासवणारे, मिठातच जगणारे जंतू. सरांनी ते बाटलीत वाढवले आणि ते निथळलेलं पाणी साठणाऱ्या, गोदामामागच्या पत्र्याखालच्या हौदात सोडले. "घाण खातील, मीठ ठेवतील. पाणी आटलं की मीठ पुन्हा वापरा."

हाजीसाहेब हसले. "कातडं खाणारा म्हणून ज्याला शिव्या दिल्या, त्यालाच तुमी जेवाया बोलावलं, सर!"

उन्हाळाभर सर हौदाच्या कठड्यावर बसून होते. पाणी आटत गेलं, गुलाबी झालं, वास सरला. ही बातमी प्राचार्यांपर्यंत गेली आणि उद्घाटन ठरलं. आपल्याकडं उद्घाटनाशिवाय काम झालं असं धरत नाहीत. फलकावर पाहुण्यांचा चेहरा हौदाहून मोठा होता. पाणी तपासणारे साहेबही मंचावर बसणार होते.

त्या सकाळी संयोजकांनी हौदात डोकावलं. पाहुणे येणार आणि हौद अर्धा रिकामा! आमच्या जिल्ह्यात हारापेक्षा टँकरचा मान मोठा. टँकर आला. सर पोचले तेव्हा पाइप सुरू होता.

"बंद करा, अहो! गोडं पाणी न्हाय चालत त्यांना. फुटून मरतात ते!"

"बोअरचं न्हाय सर, फिल्टरचं हाय," टँकरवाला दुखावून म्हणाला.

तोवर हौद काठोकाठ भरला होता. वर पाहुण्यांनी जलपूजन करून कलशभर पाणी ओतलं. टाळ्या झाल्या. सरांनी वाकून बटाटा सोडला. तो तळाला गेला. सरांनी तो काढलाही नाही.

मग शाल, नारळ, आणि दोन शब्द बोलायचा आग्रह. सर माईकसमोर उभे राहिले. "बटाटा बुडाला," एवढंच म्हणाले. लोकांना ते विज्ञान वाटलं. पुन्हा टाळ्या.

बाटलीत जंतूंचं बियाणं होतं, पण हौदात त्यांचा जम बसायला पुन्हा अख्खा उन्हाळा हवा होता. आठवड्यात वास परतला आणि कुलूप लागलं. सर हाजीसाहेबांकडं गेले, तेव्हा मी बरोबर होतो. हाजीसाहेबच म्हणाले, "तुमचा कसूर न्हाय, सर. लोकांनी पाणीच दिलं ना? पाण्याला न्हाय कसं म्हणावं?"

पुढच्या थंडीत सर गेले. शोकसभेत त्यांच्या तसबिरीपुढं पाण्याचा तांब्या ठेवला होता.

यंदा वैशाखात त्या बाजूला गेलो होतो. हौदातलं पाणी आटून तळाशी थोडंच उरलं होतं, आणि कडेनं गुलाबी झालं होतं. समोरच्या गाड्यावरून मी एक बटाटा आणला. मी कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस. मला एवढंच येतं.

बटाटा तरंगला. आता पुढं काय करायचं, ते विचारायला मी सवयीनं मागं वळलो.