चालू मशीनमधला हात

अकोल्यातल्या त्या मिस्त्रींना कारखानदार म्हटलेलं आवडत नाही. कधीकाळी त्यांनी डाळमिलमध्ये पोती वाहिली. आज त्यांनी स्वतः डोकं लढवून बनवलेली डाळीची मशीनं वऱ्हाडभर चालतात. हे मी आदरानंच लिहितो. पण त्यांची एक खोड मला संताप आणते. मशीनमध्ये डाळ अडकली की ते बटण बंद करत नाहीत. चालू मशीनमध्ये हात घालतात, अडकलेला गोळा काढतात आणि हसतात. त्यांचे कामगार याला उस्तादी म्हणतात आणि तसंच करायला बघतात.

आम्ही कामगार संघटनेच्या लोकांनी याविरुद्ध पत्रक काढलं. मिस्त्रींनी त्याला हाताचं ग्रीस पुसलं.

मी त्यांच्या कारखान्यात जाऊन सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, तुमचा हात वाचून राहिला. तुमचं पाहून जे हात घालतात त्यांचं काय?"

"तू मले शिकवून राहिला? बाहीर हो."

मी हललो नाही. तेवढ्यात चाचणीला लावलेलं मशीन अडकलं. मिस्त्री वळायच्या आतच तिथं काम करणाऱ्या एका मावशींनी बांगड्या मागे सारून हात पुढे केला. नजर मशीनवर नव्हती, शाबासकीसाठी मिस्त्रींवर होती.

मिस्त्रींनी झडप घालून बटण बंद केलं. पट्टा हळूहळू थांबला. मावशींचा हात अजून बाहेरच होता.

"आजपासून चालू मशीनले कोणी हात लावाचा नाही," ते म्हणाले. "म्याबी नाही."

मागून कोणी तरी हसलं. "उस्ताद भेले वाटते."

"हो," मिस्त्री म्हणाले. "भेलो."