मागचं गेट

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीतल्या काकूंना कोणी दुखावलं, की त्या पदर खोचून एवढंच म्हणत, "असू दे. माझ्या लक्षात आहे." आम्ही हसायचो. तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल. पण आमच्या काकूंच्या खरंच लक्षात असे.

त्यांचे यजमान जवळच्याच एका ब्रँच लाइनवर स्टेशनमास्तर होते. उसाच्या शेतांमधलं एवढंसं स्टेशन. किटल्या घेऊन दूधवाले चढायचे, शाळेतले गुरुजी उतरायचे, काकूंचे पापड फलाटावर वाळायचे. मग शेतांत बिल्डरांचे फलक लागले आणि एक साहेब प्रवासी मोजायला आला. आला तो नेमका धुळवडीला.

"साहेब, आज कोण निघणार? उद्या मोजा," काका हात जोडून म्हणाले.

साहेबाने कळवलं, स्टेशनचा वापर नाही. गाडी बंद झाली, रूळ उपटले, तिथे फ्लॅट उभे राहिले. काकांना मालधक्क्यावर पाठवलं. त्यांनी त्या धुळवडीचा घोर घेतला तो घेतलाच, आणि त्यातच ते गेले.

पुढे तोच साहेब निवृत्त होऊन आमच्या सोसायटीत राहायला आला. त्याने काकूंना ओळखलं नाही. काकू तेव्हा सेक्रेटरी. साहेबाचे गुडघे दुखत. मागच्या गेटातून बस, बाजार, दवाखाना, सगळं त्याला जवळ.

त्या वर्षी धुळवडीला काकू मागच्या गेटापाशी खुर्ची टाकून बसल्या. मी रंग लावायला गेलो, तर म्हणाल्या, "थांब रे, काम चाललंय."

नंतरच्या मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं, मी दिवसभर बसून मोजलं, मागच्या गेटाचा वापर नाही, बंद करू. चोऱ्यांच्या धास्तीने लोकांनी पटापट हात वर केले. साहेब तावातावाने उठला.

"होली के दिन देखा आपने? उस दिन कौन निकलता है, मैडम?"

"यही मेरे पति ने आपसे कहा था," काकू म्हणाल्या. "हाथ जोड़कर. स्टेशन पर."

साहेब हळूच खाली बसला.

गेटला वेल्डिंग झालं. साहेब काठी टेकत पुढच्या गेटाने लांबचा वळसा घाली आणि काकू बाल्कनीतून चहा पीत बघत. भाजीची पिशवी घेऊन त्याही तोच वळसा घालत, धापा टाकत. मी म्हटलं, "काकू, आता पुरे."

"पुरे कधी, ते मी ठरवेन."

त्यांनी ते कधीच ठरवलं नाही. एका हिवाळ्यात त्या गेल्या. नव्या कमिटीने गेट उघडलं, आणि मी मुद्दाम साहेबाला सांगायला गेलो.

"अच्छा," तो म्हणाला. काठी उचलली, आणि पुढच्या गेटाकडे चालू लागला.