नईम सरांच्या नावावर टाकलेली टॅब

साहेब, तुमची श्रद्धांजली परत घ्या.

आज सकाळी नईम सर गेले. दुपारपर्यंत आमच्या जुन्या साहेबांची पोस्ट आली. फोटो, हात जोडलेले इमोजी आणि हे वाक्य: "कामात एक मोठी चूक झाली, पण माणूस लाखमोलाचा."

एक मोठी चूक.

ते सरांच्या मुलीनं, सनानं वाचलं. मला मेसेज आला, "दीदी, अब्बूंनी नक्की काय केलं होतं?"

त्यांच्या घरून आत्ताच आलेय. तिला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. म्हणून इथं लिहितेय, सगळ्यांसमोर.

दुष्काळाची वर्षं होती. शहर वाळूजच्या कारखान्यांकडं पसरत चाललं होतं. नव्या वस्त्यांना घरं मिळाली, नळ मिळाले नाहीत. सगळी भिस्त टँकरवर. कुठल्या वस्तीत कधी टँकर जायचा ते ठरवणारा प्रोग्रॅम उस्मानपुऱ्यातल्या आमच्या चार टेबलांच्या ऑफिसात चालायचा. तो नईम सरांनी लिहिलेला. मी नवी, प्रोबेशनवर, त्यांच्या शेजारच्या टेबलावर.

काम पायथन या कोडिंगच्या भाषेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: त्यात ओळीच्या आधी किती जागा सोडली, यावरून ती ओळ कुठल्या अटीखाली येते ते ठरतं. ही जागा चार स्पेस देऊन सोडा किंवा एक टॅब मारून, डोळ्याला सारखंच दिसतं. पण टॅब किती रुंद दाखवायची ते प्रत्येक एडिटर, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, आपल्या मनानं ठरवतो. माझा एडिटर ती चार स्पेसइतकी दाखवायचा. आमचं तेव्हाचं जुनं पायथन गुपचूप आठ धरायचं.

सरांना या गोष्टीचा इतका धसका होता की त्यांनी आपल्या कीबोर्डवरचं टॅबचं बटण चक्क उपटून टाकलं होतं. त्यांच्या स्क्रीनवर प्रत्येक स्पेसचा ठिपका दिसायचा.

आम्ही चिडवायचो, "सर, स्क्रीनला गोवर निघालाय."

"हसा, लई हसा. डोळ्यावर भरोसा नाय ठेवायचा बेटा, ठिपके मोजायचे."

एका शुक्रवारी सर नमाजला गेले होते. साहेब घाईत आले, कानाला क्लायंटचा फोन. मला उठवून माझ्या खुर्चीत बसले. सरांची फाईल उघडली, टँकरची खेप लावणारी जुनी ओळ काढली, आपली नवी टाकली. टॅब मारून.

मी म्हटलं, "साहेब, इथं नईम सर स्पेसच..."

"सरळ दिसतंय ना? मग झालं."

सरळच दिसत होतं. स्क्रीनवर ती ओळ सगळ्या वस्त्यांसाठी होती. पायथननं ती आणखी चार स्पेस आत ढकलली, "तक्रार आली असेल तर" या अटीखाली. जे ओरडले त्यांना पाणी. जे गप्प बसले ते यादीतून बाद.

वाळूज रस्त्यावरची एक वस्ती गप्प बसली. शिफ्टवर जाणारी माणसं, तक्रार करायला फुरसत कुणाला? तीन दिवस टँकर नाही. चौथ्या दिवशी बाया रिकाम्या घागरी घेऊन आमच्या जिन्यात.

"आमचं नाव कुणी काढलं? त्याला भाईर काढा आधी!"

साहेबांनी बोट दाखवलं. "कोड यांचा आहे."

सर फाईल उघडून बसले. मिनिटभरात त्यांना ती सापडली. ठिपक्यांच्या रांगेत एकच बाण, म्हणजे टॅब.

"ही माझी नाय साहेब. माझ्याकडं तं ते बटणच नाय."

"फाईल तुमची आहे की नाही?"

सर माझ्याकडं वळले. "बेटा, कुणी उघडली व्हती का गं फाईल?"

साहेब माझ्याकडं बघत होते.

मी म्हटलं, "माहीत नाही सर."

सरांनी जिन्यात जाऊन त्या बायांची हात जोडून माफी मागितली. दुसऱ्याची चूक, आणि माफी यांनी मागितली. त्याच आठवड्यात राजीनामा. पुढं शहरात जिथं अर्ज केला तिथं हा किस्सा त्यांच्या आधी पोचलेला असायचा. तो कोण पोचवत होता, ते मला माहीत आहे. शेवटपर्यंत सर एका क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवत राहिले.

साहेब, तुम्ही ती फाईल पुसलीत. पण त्याआधी मी तिची कॉपी पेनड्राइव्हवर घेतली होती. इतकी वर्षं भित्र्यासारखी लपवून ठेवली. आता पहिल्या कॉमेंटमध्ये स्क्रीनशॉट बघा. तो बाण आहे. फाईल सेव्ह झाल्याची शुक्रवारची वेळही आहे. त्या वेळी नईम सर कुठं होते ते त्यांच्या मशिदीतला कुणीही सांगेल.

तुम्हाला टॅग केलंय. तुमच्या पोस्टवर हात जोडणाऱ्या प्रत्येकाला पाठवणार आहे, तुमच्या आजच्या क्लायंटनासुद्धा. रिपोर्ट करा, डिलीट करायला लावा, मी परत टाकेन. मला तुमची माफी नकोय. तुमच्याकडं बोट दाखवून लोक बोलतील ते मला बघायचंय. हा राग उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

सना, तुझ्या अब्बूंनी काहीही केलं नव्हतं. केलं साहेबांनी, माझ्या खुर्चीत बसून, माझ्या डोळ्यांदेखत. आणि अब्बूंनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. यापुढं तू मला दारात उभं केलं नाहीस तरी मी तक्रार करणार नाही.

नईम सर, हो. फाईल उघडली होती. मी पाहिलं होतं.

खुदा हाफिज, सर.