मेंढरांच्या चालीनं कराची

मसाजीला कुणी वाट विचारली की तो मुक्कामांत सांगायचा. आखाडा बाळापूरहून हट्टा तीन मुक्काम. मेंढरं चरत चरत दिवसभरात जेवढं चालतील तेवढा एक मुक्काम. रेल्वे त्यानं हिंगोलीला दुरून पाहिली होती, पण तिची चाल त्याला ठाऊक नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत त्याचा मुलगा संतराम हैदराबादेत फौजेत स्वयंपाकी होता. आषाढात निरोप आला की त्याला कराचीला धाडतायत. कराची चारशे कोसांच्या पुढं, असं बाजारात कुणीतरी सांगितलं. मसाजीनं मनाशी हिशेब केला आणि बायकोला, चांगुणाबाईला म्हणाला, "पोचंस्तोवर दिवाळी होईल."

लेकरू वाटेत असेल तोवर आईनं दिवसातून एकदाच जेवायचं, अशी त्यांच्या घरची रीत. भादव्यापर्यंत चांगुणाबाई इतकी वाळली, की घागर उचलली की भिंतीला टेकायची.

"दोन घास खा की दुपारी," मसाजी म्हणायचा.

"तुमीच म्हनले ना दिवाळी? लेकरू वाटंत आन मी खाऊ?"

त्याच सुमारास कळमनुरीच्या बाजारात बाबूसिंग भेटला. संतरामच्याच पलटणीतला, सुट्टीवर आलेला.

"पोरगं कुठवर गेलं असंल रं?" मसाजीनं विचारलं.

"मामा, कवाच पोचलं! निघालं त्याच दिशी. इमानात बसून गेलो आमी. सकाळी हैदराबाद, दिवस मावळायच्या आत कराची."

"म्हाताऱ्याची थट्टा करून राहिला व्हय?"

"तुमच्या मेंढरांची आन!"

"माझ्या मेंढरांची काहून? तुझ्या म्हशीची घे!"

"घेतली म्हशीची. मी संगच हुतो, मामा. तुमचं पोरगं डोळे गच्च मिटून बसलं हुतं."

भ्यायला की डोळे मिटायची संतरामची लहानपणापासूनची खोड, त्यामुळं एवढं मसाजीला पटलं. बाकीचं पटेना. आपल्या एका शब्दावर बायको अर्धपोटी राहिली होती. आता दुसरा शब्द खात्रीशिवाय कसा काढायचा? त्यानं घरी बाबूसिंगचं नावही काढलं नाही.

तीन-चार दिवसांनी तो माळावर होता. ऊन पडलं होतं. वर आभाळात घरघर ऐकू आली आणि तळ्याच्या काठावर एक सावली उतरली. मेंढरं एकमेकांत घुसली. सावली त्यांच्या पाठींवरून, मसाजीच्या पायांवरून सरकली, आणि त्यानं मान वळवेपर्यंत पलीकडच्या टेकडीवर चढून गेलीसुद्धा. त्या टेकडीपर्यंत जायला त्याच्या कळपाची सकाळ जायची. नाला नाही, काटा नाही, कुणाचं शेत आडवं नाही. त्याचे हात आपोआप जोडले गेले. वर कुणाचं तरी लेकरू बसलं असेल, डोळे मिटून.

तो भर दुपारी कळप घेऊन घरी आला. चांगुणाबाई घाबरली. "काय झालं?"

"संतराम पोचलाय. कवाच. माझंच चुकलं."

त्यानं बाबूसिंगचं सांगितलं, सावलीचं सांगितलं. तिनं वर आभाळाकडं बघितलं.

"एवढी वाट? एका दिसात?"

"व्हय."

ती उठली. टोपल्यातली भाकर घेतली, चुलीपाशी बसली आणि पहिला घास तोंडात घातला. चावता चावता थांबली.

"म्हंजी यायला बी एकच दिस?"

"एकच."

"मंग येत काहून न्हाई?"

मसाजीनं चटणी तिच्याकडं सरकवली, आणि तिनं दुसरा घास मोडला.