बेचाळीस मिनिटांची लाट

सदफच्या सात वर्षांचं मातेरं कुणी केलं, असं कुणी पुसलं तर माझं नाव सांगा. कचरू, गाव पाचोड, हुद्दा विद्यापीठात यंत्रं सांभाळायचा. दुसऱ्या कुणाला बोल लावायचं काम नाय.

सदफ उस्मानपुऱ्यातली. आमच्या विभागात पीएचडीला आली तेव्हा पंचविशीची होती. विषय लई दूरचा. दक्षिण ध्रुवाकडं वारा बर्फाच्या डोंगराला धडकतो, हवेत लाट उठते, ती चढत चढत दोनशे किलोमीटर उंचीवर, हवेतल्या विजेच्या थरात पोचते. ती लाट तिला धरायची होती. त्यापायी दोन चांगली स्थळं परत पाठवली. अब्बांना म्हणाली, आधी लाट, मग निकाह.

माप घेणारं यंत्र तिकडं बर्फात होतं. उपग्रहाचा सिग्नल त्या थरातून खाली येताना किती अडखळतो, ते टिपायचं. ते सांभाळायला चौदा महिने मीच गेलो होतो. म्हणून ती मला मामा म्हणायची आणि तिच्या डब्यातला अर्धा वाटा माझा असायचा.

जानेवारीत प्रबंध तयार झाला. जमा करायला आठ दिवस होते. तिनं मला आलेख दाखवला.

"मामा, बघा. दर बेचाळीस मिनिटांनी एक लाट. जूनपासून ऑगस्टपर्यंत."

ती बेचाळीस मिनिटं मला पाठ होती. जूनमध्ये यंत्र गारठून बंद पडायला लागलं, तेव्हा मी त्याच्या पेटीत छोटा हीटर बसवला आणि वरून आईची गोधडी गुंडाळली. पेटी गार झाली की हीटर आपोआप चालू, तापली की बंद, एक फेरा बेचाळीस मिनिटांचा. यंत्र तापलं की मापही सरकतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक? नोंदवहीत लिहिलं नाय. ध्रुवावर गोधडी आणली म्हणून साहेब हसले असते. लाज वाटली, एवढंच.

दोन दिवस गप्प बसलो, हरामखोरासारखा. तिसऱ्या दिवशी डब्यात शीरखुर्मा निघाला. प्रबंध झाला म्हणून तिच्या अम्मीनं माझ्यासाठी वेगळा दिलेला. डबा बाजूला सारला. सगळं सांगून टाकलं.

ती रडली नाय. एवढंच विचारलं, "हीटर कधी काढला?"

"सतरा ऑगस्टला, दुपारी. जळाला होता."

तिनं त्या दिवसाच्या मापाचं पान काढलं. दुपारपर्यंत लाट होती. पुढं रेघ सरळ. आठवड्याभरात तर यंत्रच बंद पडलं होतं.

प्रबंध तिनं स्वतःच मागं घेतला. मुदत गेली. आता गुलमंडीत एका दुकानाच्या माडीवर नववी-दहावीची शिकवणी घेते. मागच्या आठवड्यात माफी मागायला गेलो. बसा म्हणाली, चहा दिला. फळा पुसता पुसता हळूच विचारलं, "मामा, तुम्ही तिथं होता. तिथं खरंच लाटा असतात ना?"

"असतात बेटा," मी म्हणालो.

मला काय ठाऊक. चौदा महिन्यांत मी एकदाही वर बघितलं नाय. गोधडी सरकली तर नाय ना, तेवढंच बघत होतो.