बॉनेटवरच्या पापड्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना सांगायची गरज नव्हती, ते तिथेच उभे होते. बाकी कुणाला सांगायची — काय म्हणू, हिंमत? हो, हिंमतच नव्हती. एरवी माझं तोंड बंद करील असं माणूस अख्ख्या मुलुंडात जन्मलेलं नाही.

बिल्डिंगमध्ये, नात्यात, कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की आधी मला बोलावतात. सत्तरीची बाई पदर खोचून गाडीभोवती फिरते, वाकून खालचा गंज बघते, टायरवर नख घासते आणि किंमत सांगते. ती बरोबर निघते. लोक कौतुक करतात, मीही करून घेते. पण सगळ्यात आधी मी बॉनेटला हात लावते. का लावते? कुणी विचारलं तर एखादा विनोद करून विषय बदलते. तसे विनोद माझ्याकडे पुष्कळ आहेत. त्यांतल्याच एकाने हे सगळं झालं.

जुनं डिझेल इंजिन आतून झिजलं ना, की थंड असताना खोटं बोलू शकत नाही. पहिला सेल्फ मारला की खोकतं, धूर ओकतं, अंग झटकतं. एकदा तापलं की मात्र शहाण्या मुलासारखं चालतं. म्हणून गाडी बघायला जायचं ते ती थंड असताना. आणि विकणाऱ्याने लबाडी करायची ठरवली, तर गिऱ्हाईक यायच्या आधी ती तापवून ठेवायची.

आता कळलंच असेल तुम्हाला. तरी सांगू दे.

प्राची, माझी नात, तेव्हा रांगत होती. म्हणजे मी काही अजाण पोर नव्हते, चांगली पंचेचाळिशी उलटलेली, स्वतःला फार हुशार समजणारी घोडी होते. आमची पिकअप होती. हे तिच्यातून लोखंडी कपाटं पोचवायचे. पैशाचं सगळं मी बघायचे, गाडीचंही मलाच जास्त कळायचं, आणि ते मी चारचौघांत ह्यांना ऐकवायचे. इंजिनाचं मोठं काम निघालं होतं. आम्ही नवी गाडी बुक केली होती. उपाशी मरत होतो का? नाही. कुणाचं देणं थकलं होतं का? नाही. हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही माझ्यासाठी कारण शोधत बसू नका.

गाडी घ्यायला आली लता. आम्ही दोघी एकाच चाळीत नव्या नवऱ्या म्हणून आलो, एकाच नळावर भांडलो. तिचे मिस्टर वसंतभावोजी. विक्रोळीची त्यांची कंपनी बंद पडली, हातात थोडे पैसे आले, आणि या माणसाने कधी नव्हे ते स्वतःसाठी काहीतरी मागितलं — गाडी चालवायची, वाशीच्या मार्केटातून भाजी आणून घाटकोपरला द्यायची. ड्रायव्हिंग शिकले होते. मन लावून शिकले होते. लता मला म्हणाली, "तूच सांग गं योग्य किंमत. तू सांगशील ती."

आदल्या दिवशी हे म्हणाले, "गो, सांगान टाकूया त्यांका. इंजिनाचा काम इलाहा, त्या हिशोबान घेतीत." मालवणातून आलेला साधा माणूस. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

सकाळी मी ह्यांना गाडी चालू करून ठेवायला लावली. बॉनेट तापल्यावर बंद करायला लावली. पण तापलेलं बॉनेट कसं लपवायचं? वैशाखाचे दिवस. मी जुनं नऊवारी लुगडं बॉनेटवर अंथरलं आणि त्यावर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. अशी घरगृहस्थीची लबाडी कुठल्या दलालाला तरी सुचली असती का? तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं — हेही लिहून ठेवते.

दोघं आली. लताने अर्धओली पापडी उचलून तोंडात टाकली, "मीठ कमी आहे गं," म्हणाली. वसंतभावोजींनी मात्र लुगड्याचा कोपरा उचलला आणि बॉनेटला तळवा लावला. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. म्हणाले, "गरम लागतंय हो."

मी म्हटलं, "भावोजी, उन्हात उभी आहे बिचारी. तासभर तुम्ही उभे राहा, तुमचंही टक्कल असंच तापेल."

लता हसली. जिन्यातले दोघं-तिघं हसले. भावोजीही हसले, आणि त्यांनी हात मागे घेतला. माणूस बरोबर जागी हात लावून उभा होता, आणि मी त्याला हसवून तिथून हलवलं.

मग सेल्फ मारला, तापलेली गाडी शहाण्या मुलासारखी चालू झाली. किंमत मी सांगितली. धडधाकट इंजिनाच्या गाडीला बाजारात दीड लाख मिळत होते, मी त्यातून पाच हजार कमी केले — घरचे म्हणून! इंजिनाच्या कामाचे तीस तरी कमी करायला हवे होते. ते पोटात ठेवले आणि पाच हजारांची माया दाखवली. लताने ती माया बिल्डिंगभर सांगितली. त्या वर्षीच्या पापड्या झकास वाळल्या, वरून ऊन आणि खालून इंजिन. त्यांतला एक डबा मी लताला दिला. तिने गाडीच्या पूजेला त्याच तळल्या.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? गाडीच्या धंद्यात हे चालतंच. एवढंच असतं तर मी केव्हाच हसत हसत सांगून मोकळी झाले असते.

पावसाळ्यात गाडी ऐरोलीच्या पुलावर बसली. भरलेली भाजी कुजली. इंजिन जाम झालं. संध्याकाळी भावोजी आमच्या दारात आले, हात ग्रीसने काळे. रागावलेले नव्हते. मला अजून आठवतं, ते रागावलेले नव्हते. ह्यांना एवढंच विचारलं, "आधीपासून काही होतं का हो?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

तेव्हा खरं बोलायला जागा होती. दारातच होती. पैसे परत देता आले असते, निदान काम करून देता आलं असतं. मी काय बोलले? म्हटलं, "आमच्याकडे इतकी वर्षं चालली, भावोजी. गाडी हात ओळखते. तुमचा काही गाडीचा हात नाही."

लता मागे उभी होती. तिने मान खाली घातली, नवऱ्याची लाज वाटल्यासारखी. आणि त्यांनी — त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी.

गाडी भंगारात गेली. भावोजी अंधेरीच्या एका टॉवरमध्ये वॉचमन झाले. पार्किंगमध्ये लोकांच्या गाड्यांना हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या" करायचे. पुढे मुलाने मोटार घेतली, तिच्या स्टीअरिंगला त्यांनी बोट लावलं नाही. कुणी आग्रह केला की म्हणायचे, "आपला गाडीचा हात नाही." माझं वाक्य. शब्दाला शब्द.

आणि मी? आमचे हे गेल्यावर मनातल्या मनात सगळं त्यांच्या नावावर टाकलं. गाडी त्यांची, चावी त्यांनी फिरवली. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, ही मोठी सोय असते.

आता अलीकडचं. प्राची झाडांची नर्सरी चालवते बोरिवलीला. तिला जुनी पिकअप हवी होती. दहिसरला गेलो. बॉनेटला हात लावला — गरम. मी म्हटलं, चहा मागवा, आम्ही बसतो थंड होईपर्यंत. विकणारा ओशाळून हसला, "आजी, तुम्ही लाइनमधल्या दिसता." दोन चहा झाले. मग सेल्फ मारला तर धूर शेजारच्या गाळ्यात. इंजिनाचं काम वजा करून मी किंमत सांगितली, त्याने मुकाट मान्य केली.

परतताना प्राची म्हणाली, "आजी, यार, कसली भारी आहेस तू! कुठे शिकलीस?"

"तुझ्या आजोबांकडून," मी म्हटलं.

बघा. सत्तरीतही जीभ किती सहज वळते.

काम करून आणलेल्या गाडीची पूजा आमच्या कंपाउंडात झाली. लता आली, भावोजी आले. थकलेत आता. गाडीभोवती एक फेरी मारली, आरशावरची धूळ रुमालाने पुसली. प्राचीने चावी पुढे केली, "आजोबा, तुम्ही मारा ना पहिला सेल्फ."

ते दोन पावलं मागे सरले. "नको गं बाळा. आपला गाडीचा हात नाही. विचार तुझ्या आजीला."

प्राची माझ्याकडे बघत होती. लताही. माझ्या हातात पेढ्यांचं ताट होतं. लता हे वाचेल तेव्हा तिला तो क्षण आठवेल.

मी ताटातला सगळ्यात मोठा पेढा उचलला आणि त्यांच्या हातावर ठेवला.