एका दमातलं वाक्य

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. असल्या मुलीला मोठ्या बायकांना वाचायला शिकवायला कुणी पाठवतं का? पण पाठवलं. युद्ध चालू होतं, मी एकोणीस वर्षांची होते, आणि समुद्रकाठच्या डोंगरी गावात चर्चमागच्या पडवीत दुपारी माझा वर्ग भरायचा. बोंबील वाळत घालून, हात धुऊन बाया यायच्या. हात कितीही धुतले तरी पाट्यांना वास यायचा तो यायचाच.

अक्षरं त्या भराभर शिकल्या. घोडं अडलं ते पुढे. त्यांच्या लेखी बोलण्यात शब्द म्हणून काही सुटं नव्हतंच. वाक्य म्हणजे एक दम. रोजची प्रार्थना त्या अशी धाडधाड म्हणायच्या, की मधलाच एखादा शब्द विचारला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू! माझा जीव नुसता खालीवर व्हायचा.

एक दिवस मी शिंपले आणले. म्हटलं, मी बोलते, दर शब्दाला एक शिंपला मांडायचा. "आज वारा फार आहे." बघते तर सगळ्यांसमोर शिंपल्यांच्या जोड्या. म्हटलं, एकेकच मांडा. त्यांनी एकेक मांडला आणि दुसऱ्या क्षणी त्याच्या शेजारी दुसरा सरकवला.

"एकलं कसं ऱ्हायेल, बाई? पडंल ना," एक म्हातारी मला समजावत म्हणाली.

बोंबील दोरीवर टाकतात ते दोन-दोन माशांची तोंडं एकमेकांत अडकवून. एकटा घसरतो. जन्मभर जोडीने अडकवायची सवय असलेले ते हात, शिंपला तरी एकटा कसा सोडतील? हे मला आज कळतंय. तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सगळे शिंपले हाताने उधळून दिले आणि तरातरा बाहेर निघून गेले.

पुढे बसणारी एक बाई माझ्यामागे आली. पस्तिशीची असेल. नवरा आगबोटीवर खलाशी. तिने चोळीतून एक पत्र काढलं. नवऱ्याने कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, दोन महिन्यांपूर्वी आलेलं. गावात मराठी वाचता येणारा एकटा दुकानदार. त्याने ते उघडलं, डोळे फिरवले, "खुशाल आहे" म्हणाला आणि घडी घालून परत दिलं.

"दोन्ही बाजू भरल्यात, बाई. एवढी का खुशाली लिवतात?"

मी हात पुढे केला. "आणा, मी वाचते."

"तू नको. वाचणारा सांगतो तेवढंच मला कळतं. मला शिकव." मग पत्र माझ्या हातात देत म्हणाली, "घरात ओल हाय. तुज्या पेटीत ठेव."

दुसऱ्या दिवशी मला तिच्यामुळेच वाट सापडली. ती किनाऱ्यावर उभी राहून होडीतल्या दिराला ओरडून सांगत होती. वारा समोरचा. सगळं एकदम बोललं तर वारा खाऊन टाकतो, म्हणून ती तोडून तोडून ओरडत होती: "पानी! उतरलंय! तिकडंच! थांबा!" अगं बाई! सुटे शब्द! मी पळत जाऊन सगळ्यांना वाळूत आणलं आणि वाऱ्याकडे तोंड करून वाक्यं ओरडायला लावली. एक हाक, एक पाऊल. पावलं मोजली की शब्द मोजले. बाया हसून हसून बेजार झाल्या, पण आठवड्याभरात त्यांना वाक्याचे सांधे ऐकू यायला लागले. सगळ्यांत आधी तिला.

मला कुठला धीर! तिला झेपेल का, एवढंच पाहू म्हणून मी पत्र उघडलं. लिहिणाऱ्याने आधी लांब रेघ ओढून तिला अक्षरं टांगली होती, शब्दांत जागा म्हणून कुठे सोडली नव्हती. चौथ्या ओळीत होतं, उजवा हात यंत्रात सापडून गेला. मी पत्र तसंच मिटलं.

त्यानंतर माझी झोपच उडाली. तिच्याकडे बघवेना. ती विचारायची, "आज देते का?" मी म्हणायची, "अजून थोडं पक्कं होऊ दे, मावशी." उगाच नवी वाक्यं काढायची, जोडाक्षरांत अडकवायची, झालेलंच पुन्हा घ्यायची. एक नाही, दोन नाही, तीन आठवडे! मला वाटत होतं, मी तिच्यावर दया करतेय.

शेवटी तिने स्वतःच माझी पेटी उघडून पत्र काढलं. पडवीत बसली आणि पेन्सिल घेतली. ओठ हलायचे, शब्द सुटला की ती उभी रेघ मारायची. चौथ्या ओळीशी पेन्सिल थांबली. मी घाबरून म्हटलं, "मावशी, राहू दे आता."

"गप ऱ्हा," ती म्हणाली, आणि पुढे वाचायला लागली. पान उलटलं. दुसरी बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. ऊन पायरीवरून खाली उतरलं तरी तिच्या रेघा चालूच होत्या. मग तिने शेवटच्या ओळी मला मोठ्याने वाचून दाखवल्या, एकेक शब्द सुटा करून: मी आता कुणाच्या कामाचा उरलो नाही. घरी यावे की न यावे ते तू कळव. तुझे उत्तर येईपर्यंत मी इथे इस्पितळातच आहे.

ती रडली नाही. पत्राची घडी घालून माझ्याकडे वळली.

"त्या दुकानदाराचं सोड. तुला तर वाचता येतं ना, बाई?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणखी तीन आठवडे तो माणूस उत्तराची वाट बघत पडला होता, आणि मी इथे हिच्याकडून जोडाक्षरं घोटवून घेत होते.

तिने माझ्याकडून पोस्टाचं कार्ड मागून घेतलं. मी लिहू का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिने एकच शब्द लिहिला: ये. पत्ता इंग्रजीत घालायचा होता, तो तिला येत नव्हता, म्हणून कार्ड माझ्यापुढे सरकवलं. मी लिहिलं. तिने ते उचललं, पत्राच्या पाकिटामागे छापलेल्या इस्पितळाच्या पत्त्याशेजारी धरलं, आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत मी लिहिलेलं दोनदा ताडून पाहिलं.